टेकवलेला हात

थंडी पडली की जुन्या गाड्या आजारी पडतात. खरं तर आजारी त्या वर्षभर असतात, पण त्यांना बाहेर काढायची आठवण लोकांना थंडीतच होते. लग्नसराई असते, कुठे जुन्या मोटारींच्या फेऱ्या निघतात, कुणाच्या नातवाला पणजोबांच्या गाडीत बसून फोटो काढायचा असतो. मग ताडपत्री निघते, सीटखालची उंदरांची घरटी निघतात, कुणीतरी हँडल मारून मारून घामाघूम होतो, आणि आमचा फोन वाजतो. ‘गाडी चालू होतीय हो, पण लई हादरतीय.’

यंदाही वाजला. भोसरीतल्या आमच्या शेडचं शटर सकाळी वर करताना पत्रा हाताला गार लागला, आणि मी ते उगाचच जोरात ढकललं. थंडी मला आवडत नाही असं नाही. पण ती आली की मला एका जागी उभं राहवत नाही. मी झाडून घेते. झाडलेलं पुन्हा झाडते. नट-बोल्टचे पाने मापाप्रमाणे लावते, ते आधीच मापाप्रमाणे लावलेले असतात. सतीश म्हणतो, ‘तुला आयडलिंग जमतच नाही. डायरेक्ट रेस.’

सतीश म्हणजे माझा नवरा. काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीत आम्ही दोघं एका गाडीची थरथर शोधत होतो आणि ती सापडली सतीशच्या हातात. आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट रंगवून शेवटी सांगायची मला सवय नाही. नोकरीत असतानाही मी रिपोर्टच्या पहिल्या ओळीत निष्कर्ष लिहायची.

नोकरी चाकणला होती, एका मोटार कंपनीत. नांदेडहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आले तेव्हा टेस्टिंगमध्ये मुलगी मी एकटी. पहिल्या दिवशी गेटवरच्या माणसाने मला प्रेमाने अकाउंट्सची इमारत दाखवली होती. मी व्हायब्रेशन मोजायची. स्टिअरिंगवर, सीटच्या पट्टीवर, गिअरच्या दांड्यावर छोटे सेन्सर चिकटवायचे, गाडी पळवायची आणि पडद्यावर उमटणारे सुळके वाचायचे. बाहेरच्या लोकांना वाटतं की आम्ही इंजिनाची थरथर थांबवत होतो. इंजिनाची थरथर थांबत नसते. आत स्फोट होत असतात, ते थरथरणारच. आमचं काम होतं ती माणसापर्यंत पोचू न देणं. इंजिन रबरावर बसवा, रबरात तेल भरा, चौकट जाड करा, सीटखाली फोम घाला. सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला गाडी चालू आहे की बंद हे कळलं नाही, की आम्ही एकमेकांना टाळी द्यायचो. इतकी वर्षं मी लपवाछपवीचा पगार घेतला, असं म्हटलं तरी चालेल.

सुरुवातीच्या मोटारींत ही लपवाछपवी नाही. शंभरीला आलेली गाडी उघडून बघा. इंजिन सरळ लोखंडी चौकटीवर बोल्टने आवळलेलं. चौकटीवर लाकडी सांगाडा, सांगाड्यावर सीट, सीटवर माणूस. मध्ये रबराचा तुकडासुद्धा नाही. इंजिनाला जे होतं ते दातांपर्यंत येतं. म्हणून अशा गाडीत काहीतरी बिघडलंय हे कळायला शहाणपण लागत नाही. शहाणपण लागतं ते काय बिघडलंय हे कळायला, कारण एक गोष्ट हलली की तिच्याबरोबर सगळंच हलतं. दिवा हलतो, दार हलतं, काच हलते, बसलेल्याची हनुवटी हलते, आणि प्रत्येकजण ‘मीच, मीच’ म्हणत असतो.

सतीश त्याच कंपनीत इंजिन असेंब्लीला होता. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा त्याने ती घेतली आणि भोसरीत ही शेड भाड्याने धरली. पुढे मीही नोकरी सोडून इथेच आले. मी पंखे, पुली, रोटर बॅलन्स करून देते. घर त्यावर चालतं. सतीश जुनी इंजिनं करतो. तो त्यावर चालतो.

त्याची पद्धत ठरलेली. इंजिन चालू करायचं, त्याच्या माथ्यावर एक फडकं पसरायचं, त्यावर उजवा तळवा टेकवायचा आणि डोळे मिटायचे. दाबायचं नाही, धरायचं नाही. झोपलेल्या मुलाच्या कपाळावर ताप बघायला हात ठेवतात तसा नुसता टेकवायचा. मग थोड्या वेळाने म्हणायचं, ‘तीन नंबरचा व्हॉल्व्ह.’ तोवर माझी केबलसुद्धा जोडून झालेली नसायची. नंतर मी मोजायची आणि तेच निघायचं. आमच्यात यावरून चिडवाचिडवी चालायची, पण मनातून मला ते सोयीचं होतं. माझं यंत्र आणि त्याचा हात असे दोन साक्षीदार असले की निकाल पक्का.

त्या थंडीत मोशीचे दत्तूआप्पा त्यांची गाडी टेम्पोवर चढवून घेऊन आले. आप्पा जुन्या गावकीतले. ज्या वावरात ते कांदा लावायचे त्यावर आता बारा मजले उभे आहेत आणि आप्पा त्यातल्या सातव्यावर राहतात. वडिलांनी कुण्या बंगलेवाल्याकडे ड्रायव्हरकी केली होती. तो देश सोडून गेला, जाताना गाडी यांना देऊन गेला. ती आधी गोठ्यात उभी होती आणि आता इमारतीच्या पार्किंगमध्ये. दोन गाड्यांची जागा अडवते म्हणून सोसायटीत दर महिन्याला भांडण.

टेम्पोतून उतरवल्यावर आप्पांनी स्वतः हँडल मारलं. गाडी सुरू झाली आणि बॉनेटवर ठेवलेला पाना चालत चालत कडेला गेला आणि खाली पडला.

‘ताई,’ आप्पा ओरडून म्हणाले, ‘ही गाडी हाय का पिठाची गिरनी, तुमीच सांगा. माघात नातीचं लगीन हाय. पोरीला हिच्यात बसवून कार्यालयात न्यायची म्हनतोय, तर तवर तिची नथ गळून पडायची.’

‘नथ घट्ट करून घ्या आप्पा,’ सतीश म्हणाला. ‘माझ्यापेक्षा स्वस्तात पडेल.’

‘त्ये ऱ्हाऊ द्या. व्हतंय का न्हाई त्येवढं बोला. न्हाईतर जावई म्हनतोय, जुनं इंजिन काढून डिझेलचं टाकू.’

सतीशने गाडीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. ‘जावयाला म्हणावं, आधी स्वतःत टाकून बघ.’

आप्पा असे हसले की त्यांना खोकला आला. काम आमच्याकडे राहिलं.

जुन्या गाडीची थरथर शोधायचा पहिला प्रश्न सोपा असतो. ती कुणाबरोबर चालते? चाकाबरोबर की इंजिनाबरोबर? गाडी उभी असताना हादरत असेल तर चाकं, टायर, धुरा सगळे सुटले. आप्पांची गाडी उभ्यानेच नाचत होती. म्हणजे इंजिन. मग चौकटीचे बोल्ट आवळून बघायचे, पंख्याचं पातं वाकलंय का बघायचं. ते सगळं ठीक होतं. मग सतीशने लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि एकेका प्लगची ठिणगी मारायला सुरुवात केली. चालत्या इंजिनाचा एक सिलिंडर असा बंद पाडला की इंजिन अडखळतं. अडखळायलाच पाहिजे. एक नंबर मारला, अडखळलं. दोन, अडखळलं. तीन, तसंच. चार नंबर मारला आणि काहीच झालं नाही.

‘मेलेल्याला मारून काय होणार,’ सतीश म्हणाला.

चार नंबरकडे हवा आणि पेट्रोल नेणाऱ्या पाइपाच्या सांध्यावर त्याने ब्रशने थोडं रॉकेल लावलं. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला. सांधा फुटका होता, तिथून नुसतीच हवा आत जात होती आणि चार नंबर उपाशी चालला होता. सांध्यात नवं गॅस्केट कापून बसवलं. मग इंजिन उघडलं तेव्हा आणखी एक गंमत निघाली. चारातला एक पिस्टन कधीकाळी कुणीतरी बदललेला, बहुतेक पाण्याच्या पंपाचा, बाकीच्या तिघांपेक्षा चांगलाच जड. चौघांनी पालखी उचलली आहे आणि एकाच्या डोक्यावर भरीला गाठोडं आहे, अशी अवस्था. माझ्या काट्यावर तोलून, आतून खरवडून मी तो बाकीच्यांच्या वजनाला आणला. सगळं परत बांधलं. हँडल मारलं. बॉनेटवर ठेवलेला पाना जागचा हलला नाही.

मी चहा सांगितला. सतीशने फडकं पसरलं, हात टेकवला, डोळे मिटले.

‘चार नंबर अजून लंगडतोय.’

‘नाही रे. हा बघ, पडदा स्वच्छ आहे.’

‘तुझा सेन्सर चुकीच्या जागी आहे.’

मी सेन्सर हलवला. पडदा स्वच्छच. ‘आता?’

‘आहे गं. बारीक आहे, पण आहे.’

इथे कुणीही दुसरं असतं तर यंत्रावर विश्वास ठेवून गाडी देऊन टाकली असती. मी हातावर ठेवला. कारण तो हात इतक्या वर्षांत चुकला नव्हता आणि सेन्सर मात्र दर पावसाळ्यात चुकायचा. मी केबल बदलली, सेन्सर बदलला. सतीशने गॅस्केट पुन्हा कापलं, व्हॉल्व्ह घासले, कार्बोरेटर धुतला. प्रत्येक वेळी हँडल, फडकं, हात. प्रत्येक वेळी तेच. ‘कमी वाटतंय, पण आहे.’ धडधाकट इंजिन आम्ही दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा उघडलं. आप्पा दर दोन-चार दिवसांनी फोन करायचे. ‘काय म्हनतीया गिरनी?’

शेवटी आम्ही शेजाऱ्याला धरलं. ही चूक आमच्याच पट्ट्यात होऊ शकते. भोसरीत जमीन कधी स्वस्थ नसते. आमच्या भिंतीपलीकडे शेखभाईंचा प्रेस शॉप आहे, त्यापलीकडे आणखी कुणाचा, समोर लोखंड ठोकणारं फोर्जिंग. पत्रा कापला जातो, ठोका बसतो, तो जमिनीतून आपल्या चपलेपर्यंत येतो. आम्हाला त्याची इतकी सवय की गावी गेल्यावर झोप लागत नाही, जमीन मेल्यासारखी वाटते. माझी आई नांदेडहून यायची तेव्हा भिंतीला हात लावून म्हणायची, ‘तुमच्याकडं भुईलाच हुडहुडी हाय गं.’ तर आम्ही ठरवलं की ही थरथर गाडीची नाही, शेखभाईंच्या प्रेसची आहे. सतीश तणतणत गेला. मी मागोमाग.

‘शेखभाई, तुमचं फाउंडेशन ढिलं झालंय. हादरे आमच्याकडे येतायत.’

शेखभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. ‘सतीशभाऊ, माझं फाउंडेशन पक्कं आहे. तुमचंच ढिलं झालं असेल. गुरुवारी या ना, सगळं बंद असतं. मोजा आरामात.’

गुरुवार हा आमच्याकडचा रविवार. वीज वाटून घेण्यासाठी कधीतरी ठरलेली सुट्टी, ती तशीच राहिली. गुरुवारी एमआयडीसीत गेलात तर आपण कुठे आलो हेच कळत नाही. ठोका नाही, ट्रक नाही, चहाच्या टपरीवर पडदा. शटरवर साळुंक्या बसलेल्या. त्या गुरुवारी धुकंही होतं, समोरची फोर्जिंगची चिमणी अर्धीच दिसत होती. आम्ही गाडी सुरू केली. त्या शांततेत ती इतकी सुरेख चालली की मला तिला दृष्ट लागेल असं वाटलं, आणि मी असल्या गोष्टी मानत नाही.

सतीशने हात टेकवला. ‘आहे,’ तो म्हणाला.

मला राग आला. पडदा कोरा होता, प्रेस बंद होता, मला भूक लागली होती. मी पुढे झाले आणि स्विच खाली पाडला. इंजिनाने बंद होताना एक शेवटचा गचका दिला आणि ते थांबलं.

सतीशने हात उचलला नाही. डोळे उघडून हाताकडे बघत राहिला, दुसऱ्याचं हत्यार चुकून आपल्याकडे आल्यासारखा.

‘बंद केलंस ना?’

‘केलं.’

‘पूर्ण?’

‘सतीश, गाडी उभी आहे. पंखासुद्धा थांबलाय.’

‘मग अजून आहे कसं?’

मी फडक्याकडे पाहिलं. त्याची कड हलत होती. बारीक, सारखी, एकाच लयीत. इंजिन थंड होताना टिकटिकतं तेवढा एकच आवाज होता.

मग मी मला येतं ते केलं. इंजिनावरचा सेन्सर काढला आणि चिकटपट्टीने त्याच्या हाताच्या मागच्या बाजूवर लावला. पडद्यावर एकच सुळका उभा राहिला, लंगड्या सिलिंडरचा असतो त्याच जागी. हा काही चमत्कार नाही. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच काम करतो. एखादा कमजोर असला तर इंजिन दर दुसऱ्या फेरीला लंगडतं, आणि संथ चालणाऱ्या जुन्या इंजिनात ती चाल होते सेकंदाला साधारण पाच वेळा. सतीशच्या हाताची चाल नेमकी तीच होती. त्याचा हात खोटं बोलत नव्हता. तो बरोबरच सांगत होता, फक्त पत्ता चुकीचा देत होता.

सतीशने पडद्याकडे बराच वेळ बघितलं. ‘म्हणजे माझाच चार नंबर,’ तो म्हणाला.

मला कळायला हवं होतं, वगैरे मी म्हणत नाही. कळण्यासारखं जे होतं ते सुटं सुटं आलं होतं. त्या थंडीत तो पेट्रोल जास्त सोडायचा आणि शेडभर वास पसरला तरी त्याला पत्ता नसायचा. मी म्हणायची, सर्दी झालीय तुला. फळ्यावर खडूने लिहिलेली त्याची अक्षरं ओळीच्या शेवटी बारीक बारीक होत जायची. मी म्हणायची, खडू संपलाय. टपरीवर चालत जाताना डावा हात झुलायचा, उजवा खिशाशी चिकटलेला. त्याला काय म्हणायचं ते मला सुचलं नव्हतं, म्हणून काहीच म्हटलं नव्हतं. आणि हाताची थरथर दिसणार कशी? काम करताना ती थांबते. पाना हातात आला की हात दगडासारखा. ती येते हात निवांत टेकवल्यावर, आणि सतीशचा हात निवांत टेकायचा तो नेमका चालू इंजिनावर. ज्याच्या आजूबाजूला सगळंच थरथरतं त्याची थरथर कुणी वेगळी काढायची?

चिंचवडच्या डॉक्टर वयाने आमच्या मुलीसारख्या. त्यांनी त्याला अंगठा आणि बोट भराभर जुळवायला लावलं, व्हरांड्यात चालायला लावलं, मनगट धरून हात फिरवून बघितला. मी मनात म्हटलं, ही पण प्लग मारून बघतेय. मग त्यांनी शांतपणे सांगितलं. कंपवात. हळू वाढतो. औषधं आहेत, व्यायाम आहे, पुष्कळ वर्षं चांगली जातात.

सतीशने एकच विचारलं. ‘डावा?’

‘सध्या ठीक आहे. पुढे बहुतेकांना दुसऱ्या बाजूलाही येतो.’

‘कधी?’

‘ते नाही सांगता येत. प्रत्येकाचं वेगळं असतं.’

‘डॉक्टर, आमच्याकडे असा रिपोर्ट दिला तर नोकरी जाते.’

त्या हसल्या. मी हसले नाही. ‘कधी’ हा शब्द मी तिथून घरी घेऊन आले, आणि तो अजून खाली ठेवलेला नाही.

त्या थंडीतलं मला जे आठवतं ते बहुतेक चालण्याचं आहे. मला घरात बसवत नव्हतं, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. मी भोसरीतून दिघीपर्यंत लष्कराच्या भिंतीच्या कडेने चालत जायची आणि परत यायची. भिंतीवर काटेरी तार, तारेवर पतंगाचे तुकडे. घरी आल्यावर कपाटं आवरायची. आणि सकाळी, सतीश चहाला बसला की त्याच्या हाताला सेन्सर लावायची. कालच्यापेक्षा सुळका वाढला की कमी झाला ते बघायची. पहिले काही दिवस त्याने चालवून घेतलं. मग एक दिवस चिकटपट्टी टर्रकन उपटली.

‘मी काय तुझ्या मशीनवरचा जॉब आहे?’

‘मोजल्याशिवाय कळणार कसं?’

‘कळून काय करणार आहेस? खरवडणार आहेस का आतून?’

मी सेन्सर डब्यात ठेवला. आयुष्यभर मी असं समजत आले होते की मोजलं की निम्मं काम झालं. ते यंत्रांच्या बाबतीत खरं आहे.

आप्पांची गाडी तशीच उभी होती. पडद्याप्रमाणे ती तयार होती, पण सतीश ‘झाली’ म्हणत नव्हता, आणि त्याने म्हटल्याशिवाय गाडी देत नाहीत हा शेडचा नियम. एके सकाळी आप्पा स्वतःच आले, मफलर डोक्याला गुंडाळून.

‘झाली का न्हाई आमची नवरी?’

‘आप्पा, गाडी झाली,’ सतीश म्हणाला. ‘मी बिघडलो.’ आणि त्याने उजवा हात त्यांच्यासमोर टेबलावर टेकवला. हात लगेच सुरू झाला.

आप्पांनी तो पाहिला. ‘कापतोय व्हय,’ म्हणाले. मग बाकावर ऐसपैस बसले. ‘आमच्या बैलाचा खांदा बी आसाच थरथरायचा. म्हनून त्यानं काय जू सोडलं न्हाई. आन् माजं सांगू का? सातव्या मजल्यावर झोपतोय, रोज वाटतंय बिल्डिंग हालतीया. म्हातारी म्हनती, बिल्डिंग न्हाई, तुमीच हालताय. आता कोन हालतंय त्ये कुनी बघितलंय?’

‘हात लावल्याशिवाय गाडी कशी देऊ पण?’

‘देवानं दुसरा कशाला दिलाय?’

सतीश उठला, गाडी सुरू केली, उजवा हात खिशात घातला आणि डावा टेकवला. पहिल्यांदाच. तो अवघडून उभा होता, परक्याच्या घरी जेवायला बसलेल्या माणसासारखा. वेळ गेला. त्याने मान हलवली.

‘याला काहीच समजत नाही. सगळं एकसारखंच लागतंय.’

‘शिकंल की,’ आप्पा म्हणाले. ‘तवर ताईंचं मशीन हाय. द्या गाडी.’

गाडी गेली. लग्नानंतर आप्पा बुंदीचे लाडू घेऊन आले आणि म्हणाले, नथ जागच्या जागी राहिली, जावयाचं तोंड तेवढं उतरलं.

डावा हात शिकला. त्याला वेळ लागला. सतीश त्याला कुठेही टेकवायचा, फ्रिजवर, मिक्सरवर, उभ्या असलेल्या बसच्या पत्र्यावर. एकदा हिंजवडीच्या कोंडीत आमच्या शेजारी कंपनीची एक विजेवर चालणारी कॅब येऊन थांबली. सतीशने खिडकीतून डावा हात बाहेर काढून तिच्या दाराला लावला. आतला मुलगा घाबरून बघायला लागला. ‘काहीच नाही,’ सतीश मला म्हणाला, ‘मुकी आहे.’ मी गेल्या वर्षी चाकणला जुन्या लोकांना भेटायला गेले तेव्हा तिथली नवी मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आता इंजिनच नाही, मोटारीत हलणारं काय राहिलंय?’ मी तिला म्हटलं, बसणारा. ती विनोद समजून हसली.

औषधाने उजव्याची थरथर बरीच कमी असते. गोळीची वेळ टळली की वाढते. आम्ही त्यावर बोलत नाही. डाव्यावर तर अजिबातच बोलत नाही. पण तो वर्तमानपत्र वाचताना डावा हात गुडघ्यावर टेकवतो तेव्हा मी खोलीतून उठून दुसऱ्या कामाला लागते. बघायचं नाही म्हणून. आणि मग दारातून बघते.

यंदा फोन आला तो निगडीच्या एका उद्योजकाचा. आजोबांची गाडी, छत नसलेली, दिव्यांना पितळी कडी. काल ती आली. आज सकाळी मी शटर जोरात ढकललं ते तिच्यामुळेच. सतीशने हँडल मारू नये असं मला वाटतं, त्याने मारलं. गाडी लगेच चालू झाली. निळसर धूर झाला. ती हादरत होती, पण सगळ्याच हादरतात, त्यावरून काही कळत नाही. मी अजून सेन्सर डब्यातून काढत होते. सतीशने फडकं पसरलं आणि डावा हात टेकवला.

त्याने डोळे मिटले.

‘आहे,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘लंगडतंय. बारीक. संथ.’

मी हातातली केबल खाली ठेवली. बारीक आणि संथ. सेन्सर लावून पडद्यावर बघायला थोडा वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. सतीशने डोळे उघडले. त्याने खिशातून उजवा हात काढून गाडीचा काठ धरला होता.

‘बंद कर,’ तो म्हणाला.

मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथे जायला चार पावलं लागतात आणि मी ती सावकाश टाकली, मी, जी कधी सावकाश चालत नाही. स्विचवर बोट ठेवलं. मला वाटलं, चालूच राहू दे. पेट्रोल संपेपर्यंत चालू राहू दे. ती चालू आहे तोवर ते गाडीचं असू शकतं.

‘बंद कर ना.’

केलं. गचका बसला. इंजिन थांबलं. मी फडक्याकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं. त्याने पुन्हा डोळे मिटले होते आणि हनुवटी जरा वर उचलली होती. बाहेर कुणाचा तरी टेम्पो मागे घेताना पिंपिं करत होता. तो थांबला तरी सतीश तसाच.

‘गेलं,’ तो म्हणाला.

‘नक्की?’

‘गेलं गं. थांबल्याबरोबर गेलं.’ त्याने हात उचलून बघितला, पालथा केला, पुन्हा टेकवला. ‘काही नाही. गाडीचंच आहे. दोन नंबर असावा.’

मी पदराने तोंड पुसलं, कारण घाम आला होता, इतक्या थंडीत. मग कामाला लागले. मालकाला लगेच कळवलेलं बरं म्हणून फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या गाडीत दोष आहे, दोन नंबर सिलिंडर कमजोर वाटतोय, इंजिन उघडावं लागेल, खर्चही होईल आणि वेळही लागेल.

‘मॅडम,’ त्याने जरा दुखावलेल्या आवाजात विचारलं, ‘तुम्ही हसताय का?’